तीच छोटी गाडी, निरनिराळे देश : किंमत, इंजिन आणि सरकारने आखलेली रेघ

पायवाट (धागा सुरू करणारी)

ब्रिटनमधल्या मावसभावाशी फोनवर गाड्यांचा विषय निघाला आणि त्याने स्विफ्टची किंमत सांगितली. ती ऐकल्यावर मी एकाच गाडीच्या तीन देशांतल्या किमती कागदावर शेजारी शेजारी मांडल्या आणि दोन संध्याकाळी त्यातच अडकले. म्हणून हा धागा.

सध्याच्या पिढीची स्विफ्ट जपानात डिसेंबर २०२३ मध्ये आली, भारतात आणि ब्रिटनमध्ये २०२४ मध्ये. तेव्हाच्या सुरुवातीच्या किमती: भारतात ६.४९ लाख रुपये एक्स-शोरूम, जपानात १७ लाख २७ हजार येन, ब्रिटनमध्ये १८,६९९ पौंड. २०२४ च्या मे महिन्यातल्या दराने रुपयांत केलं तर जपानची गाडी सव्वानऊ लाखांच्या आसपास आणि ब्रिटनची साडेएकोणीस लाखांच्या वर जाते.

मला वाटलं, फरक कराचा असणार. म्हणून आधी कर बाजूला काढला. तेव्हा आपल्याकडे छोट्या पेट्रोल गाडीवर २८ टक्के जीएसटी आणि वर १ टक्का सेस होता. म्हणजे ६.४९ लाखांतली गाडी जेमतेम पाच लाखांची, उरलेला कर. जपानच्या किमतीत १० टक्के उपभोग कर आहे, ब्रिटनच्या किमतीत २० टक्के व्हॅट. कर वजा केल्यावर दरी बुजायच्या ऐवजी, पटीत पाहिलं तर, आणखी रुंद झाली! कारण तिघांत सगळ्यात जास्त दराने कर आपणच भरत होतो.

मग सामान बघितलं. इंजिन तिन्हीकडे तेच, १,१९७ सीसीचं तीन सिलिंडरचं झेड१२ई. पण ब्रिटनच्या बेस मॉडेलमध्ये माइल्ड हायब्रिड (इंजिनाला थोडा हात देणारी छोटी विजेची मोटर) आहे, पुढच्या गाडीपासून आपोआप अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल आहे, टचस्क्रीन आहे. जपानच्या बेसला हायब्रिड नाही, पण सीव्हीटी (पायऱ्या नसलेला ऑटोमॅटिक गिअर) आहे आणि समोर अडथळा दिसल्यावर स्वतःहून ब्रेक लावणारी यंत्रणा आहे. आपल्या बेसला पाच गिअरचा मॅन्युअल, सहा एअरबॅग आहेत आणि म्युझिक सिस्टीम नाही. म्हणजे नाव एक असलं तरी वस्तू तीन आहेत.

एक गोष्ट मात्र सुटत नाहीये. भारतात आणि ब्रिटनमध्ये या गाडीची रुंदी १,७३५ मिलिमीटर आहे, जपानात १,६९५. चार सेंटिमीटर कुणी आणि का कापले असतील? जाणकारांनी सांगावं. बाकीच्या देशांतल्या छोट्या गाड्यांबद्दलही लिहा. मला नुसत्या किमती नकोत, त्या तशा का आहेत ते समजून घ्यायचंय.

---

तिसरा_गिअर

छान धागा. रुंदीचं उत्तर सोपं आहे. जपानात छोट्या प्रवासी गाडीचा एक सरकारी वर्ग आहे: लांबी ४.७ मीटर, रुंदी १.७ मीटर, उंची २ मीटर, पेट्रोल इंजिन २,००० सीसीपर्यंत. यातलं एक माप जरी ओलांडलं तरी गाडी वरच्या वर्गात जाते. १,६९५ हा आकडा त्या १,७०० च्या आत बसण्यासाठी आहे. जपानातल्या कित्येक छोट्या गाड्या नेमक्या १,६९५ रुंद असतात. जुन्या वस्त्यांमधले रस्ते आणि पार्किंगच्या जागा अरुंद, त्यामुळे गिऱ्हाईकही रुंदी बघून घेतं.

आपल्याकडे असाच ४ मीटरचा आकडा आहे. जीएसटी आला तेव्हा सरकारने ठरवलं की ४ मीटरच्या आतली, पेट्रोल १,२०० सीसी किंवा डिझेल १,५०० सीसीपर्यंतची ती छोटी गाडी. तेव्हापासून सगळ्या कंपन्या त्या मापात गाड्या बनवतात.

---

रानवारा

थोडी दुरुस्ती. ही व्याख्या जीएसटीच्या बरीच आधीची आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचं अबकारी शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं, तेव्हा ती आली. २०१७ मध्ये जीएसटीने ती पुढे चालवली. (डिझेलची १,५०० सीसीची मर्यादा बरोबर.)

तिचा परिणाम बघायचा तर डिझायर बघा. २००८ मध्ये पहिली डिझायर आली ती ४,१६० मिलिमीटर लांब होती. २०१२ ची आली ती ३,९९५. डिकी कापून गाडी ५ मिलिमीटरने रेघेच्या आत आणली. टाटांनी त्याआधीच, २००८ मध्ये, इंडिगो सीएस काढून ती वाट दाखवली होती. मागे कापलेली सेडान हा प्रकार असा कराच्या कोष्टकातून जन्मला. फोर्डची इकोस्पोर्ट आपल्याकडे ३,९९९ मिलिमीटर होती. एक मिलिमीटर शिल्लक!

---

तिसरा_गिअर

दुरुस्ती मान्य, आभार. २००६ डोक्यातून गेलं होतं.

---

दूरदेशी

मी सहा वर्षं जपानात होतो आणि त्यातली चार वर्षं के-कार चालवली. जपानच्या छोट्या गाडीबद्दल बोलताना स्विफ्टच्या आधी के-कारचं नाव घ्यायला हवं, कारण जपानी माणसाच्या हिशेबात स्विफ्ट ही छोटी गाडी नव्हेच, ती मधली.

के-कारचे नियम: लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर, उंची २ मीटर, इंजिन ६६० सीसी. ताकद ६४ पीएसच्या (पीएस म्हणजे अश्वशक्तीचं माप) वर न्यायची नाही, हा कंपन्यांनी आपसांत पाळलेला संकेत. युद्धानंतर माणसं दुचाकीवरून चारचाकीवर यावीत म्हणून हा वर्ग काढला. पन्नाशीच्या दशकापासून ३६० सीसी होतं, १९७६ मध्ये ५५०, १९९० मध्ये ६६०. नंबर प्लेट पिवळी, लांबून ओळखू येते.

आता खर्च. खासगी के-कारचा वर्षाचा कर १०,८०० येन. स्विफ्टसारख्या १,२०० सीसीच्या गाडीला तोच ३०,५०० येन. द्रुतगती मार्गांवर टोल सुमारे २० टक्के कमी. साधी गाडी घ्यायची तर बहुतेक ठिकाणी आधी पार्किंगच्या जागेचा दाखला आणावा लागतो, के-कारला शहरात गाडी घेतल्यावर नोंद केली की भागतं आणि खेड्यात तेही लागत नाही. खरेदीची किंमत एकदाच द्यायची असते, हे बाकीचं वर्षानुवर्षं. त्यामुळे जपानात विकल्या जाणाऱ्या दर तीन नव्या गाड्यांत एकीपेक्षा जास्त के-कार असतात.

आपली वॅगन आर मुळात हीच. जपानात १९९३ पासून आहे, आजही ३,३९५ मिलिमीटर लांब, १,४७५ रुंद आणि ६६० सीसीची. आपल्याकडची ३,६५५ लांब, १,६२० रुंद, इंजिन १,००० किंवा १,२०० सीसी. दोन्ही चालवल्यावर सांगतो, मागे तिघं बसायची आपली सवय जपानी गाडीत चालत नाही, तिथे के-कार कायद्यानेच चौघांची आहे. पण दोघं मागे बसली तर पाय पसरायला इतकी जागा मी आपल्याकडच्या मोठ्या गाड्यांतही पाहिली नाही.

---

बकुळ

@दूरदेशी, मग नॅनो जपानात के-कार म्हणून चालली असती का? इंजिन तर ६२४ सीसीचंच होतं.

---

दूरदेशी

इंजिन बसलं असतं, लांबीही (३.१ मीटर) बसली असती. रुंदी १,४९५ मिलिमीटर होती, मर्यादा १,४८०. दीड सेंटिमीटरने बाहेर! हा विचार मी कधी केला नव्हता, छान प्रश्न विचारलात.

---

कणाद_७४

इंजिनांबद्दल लिहितो, माझं आयुष्य त्यातच गेलं.

लोक सीसी बघतात आणि त्यावरून गाडी ठरवतात. दोन इंजिनं शेजारी ठेवा. आपल्या ऑल्टो के१० मधलं ९९८ सीसीचं इंजिन: ६७ पीएस, ८९ न्यूटन-मीटर टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर). सुझुकीचंच जपानी के-कारमधलं ६५८ सीसीचं टर्बो (जास्त हवा दाबून भरणारं): ६४ पीएस, ९८ न्यूटन-मीटर. एक तृतीयांश सीसी कमी, ताकद जवळपास तेवढीच, टॉर्क जास्त. मग आपल्याकडे ते का नाही? टर्बो, इंटरकूलर आणि त्यामुळे तापमान सोसणारे सुटे भाग, सगळ्यांचे पैसे पडतात. जपानात ६६० ची रेघ ओलांडणं महाग, म्हणून टर्बो परवडतो. आपल्याकडे रेघ १,२०० वर असल्याने ९९८ सीसी साधेपणानं देता येतात, देखभाल स्वस्त राहते आणि कुठल्याही गावातला मेकॅनिक ते उघडून जोडू शकतो. सगळ्यात साध्या गाडीला साधं इंजिन, हे मला आजही बरोबर वाटतं.

तीन सिलिंडरची कुरकूर नेहमी ऐकू येते. चार सिलिंडरमध्ये दर १८० अंशांना एक ठिणगी पडते, तीनमध्ये दर २४० अंशांना. शिवाय तीनच्या रांगेत पहिलं आणि तिसरं सिलिंडर एकमेकांविरुद्ध ओढत असल्याने इंजिन टोकापासून टोकापर्यंत डोलतं. आयडलिंगला स्टिअरिंगमध्ये आणि सीटमध्ये जाणवतं ते हे डोलणं. बदल्यात एक सिलिंडर कमी म्हणजे घर्षण कमी, वजन कमी, भाग कमी. मारुती ८०० चं ७९६ सीसी इंजिनही तीन सिलिंडरचंच होतं आणि त्यावर एक अख्खी पिढी गाडी शिकली. आणखी एक, ती गाडी मुळात जपानच्या ५५० सीसीच्या काळातली. निर्यातीच्या देशांत ती मर्यादा नव्हती, म्हणून त्याच गाडीला ७९६ सीसी दिले आणि १९८३ च्या डिसेंबरात ती आपल्याकडे आली.

डिझेलचं सांगायचं तर फियाटचं १,२४८ सीसीचं मल्टिजेट हे खरं जगभर फिरलेलं इंजिन. युरोपात ओपल कोर्सात, फियाटमध्ये. आपल्याकडे स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो, सगळ्यांत तेच. त्याला संपवलं ते धुराच्या नियमांनी. बीएस-६ साठी छोट्या डिझेलला जी धूर-शुद्धीकरणाची यंत्रणा लागते, तिचा खर्च सहा-सात लाखांच्या गाडीला झेपत नाही. एप्रिल २०२० मध्ये मारुतीने डिझेल बंद केलं. २०२३ मध्ये प्रत्यक्ष रस्त्यावरच्या चाचणीचा नियम आला आणि ७९६ सीसीची ऑल्टोही गेली.

---

सावली

ॲव्हरेजचे आकडे देशादेशांत ताडून बघता येतात का? आपल्या स्विफ्टला कंपनी २४.८० किलोमीटर सांगते, भाऊ म्हणतो त्यांच्याकडचा आकडा वेगळा.

---

कणाद_७४

नाही येत. आपली चाचणी ताशी ९० किलोमीटरच्या वर जातच नाही, युरोपची डब्ल्यूएलटीपी १३१ पर्यंत जाते आणि तिच्यात वेग जास्त वेळा कमीजास्त होतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, तेव्हा तीच गाडी तिकडे कमी आकडा दाखवणारच.

आणि इंधनही एक नाही. ब्राझीलच्या पेट्रोलमध्ये कित्येक वर्षं २७ टक्के इथेनॉल होतं, २०२५ मध्ये ते ३० झालं. आपल्याकडे २० टक्के. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. २० टक्के मिसळलं की लिटरमागे ऊर्जा सुमारे ७ टक्क्यांनी घटते. ॲव्हरेज नेमकं तेवढंच उतरेल असं नाही, इंजिन त्या इंधनासाठी कसं जुळवलंय त्यावर ते आहे. पण हिशेब करताना हे विसरू नका.

---

रानवारा

किंमत आणि इंजिन झालं, आता ज्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते ते. क्विड.

२०१५ मध्ये रेनोने ती भारतात आणली, ७९९ सीसीचं इंजिन, दिसायला देखणी, किंमत ऑल्टोच्या तोडीस तोड. २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने धडक चाचणी घेतली आणि शून्य तारे मिळाले. दुसऱ्या वर्षी तीच गाडी ब्राझीलमध्ये आली. तिथे सांगाडा मजबूत केलेला, चार एअरबॅग सगळ्या मॉडेलांत, इंजिन १,००० सीसीचं. लॅटिन एनकॅपने तीन तारे दिले. कारण ब्राझीलमध्ये २०१४ पासून प्रत्येक नव्या गाडीत दोन एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) सक्तीचे होते, आपल्याकडे तेव्हा काहीच नव्हतं. पुढे त्याच पायावर विजेची डाशिया स्प्रिंग झाली, चीनमध्ये बनून युरोपात गेली. तिथल्या कडक कसोटीवर २०२१ मध्ये तिला एकच तारा मिळाला.

म्हणून कुणी "आपल्याकडे गाड्या किती स्वस्त" म्हणालं की मी विचारते, त्या किमतीतून काय काढून घेतलं होतं? माझ्या घरातली एक माणसं भरलेली छोटी गाडी मी आपटलेली पाहिली आहे. गाडीचं नाव लिहीत नाही. पण तेव्हापासून सांगाड्याची चौकशी केल्याशिवाय मी कुणाला गाडी सुचवत नाही.

आता चित्र सुधारतंय, हेही तितक्याच मनापासून लिहिते. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप सुरू झालं. नव्या डिझायरला २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले. २०२५ मध्ये ऑल्टो के१० च्या सगळ्या मॉडेलांत सहा एअरबॅग आल्या. दहा वर्षांपूर्वी हे कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

---

उत्तररेषा

मी जर्मनीत राहतो, युरोपची बाजू लिहितो. इथे छोटी गाडी संपत चालली आहे. सिट्रोएन सी१ आणि प्यूजो १०८ २०२२ च्या सुमारास बंद झाल्या, फोक्सवॅगन अप आणि फोर्ड फिएस्टा २०२३ मध्ये. फिएस्टा तर १९७६ पासून होती!

कारण रानवारा यांनी लिहिलं त्याच्याच दुसऱ्या टोकाला आहे. जुलै २०२४ पासून युरोपीय संघात प्रत्येक नव्या गाडीत आपोआप ब्रेक, लेनमध्ये ठेवणारी यंत्रणा, वेगमर्यादा ओळखून सूचना देणारी यंत्रणा, चालकाची झोप ओळखणारी यंत्रणा आणि अपघाताची नोंद ठेवणारा डबा सक्तीचा झाला. (ब्रिटन आता संघात नाही, पण मोठ्या कंपन्या त्याच गाड्या तिकडे पाठवतात. पायवाट यांच्या भावाच्या किमतीत हा वाटा आहे.) कॅमेरा आणि रडार छोट्या गाडीला लागतो तोच मोठीला लागतो. चाळीस हजार युरोच्या गाडीत तो खर्च लपतो, बारा हजारांच्या गाडीत लपत नाही.

दुसरं म्हणजे कार्बन डायऑक्साइडची मर्यादा. कंपनीच्या सगळ्या गाड्यांची सरासरी ठरलेल्या आकड्याच्या वर गेली तर प्रत्येक ग्रॅममागे प्रत्येक गाडीला ९५ युरो दंड. आणि मर्यादा गाडीच्या वजनानुसार बदलत होती, जड गाड्यांना थोडी सैल, हलक्यांना थोडी कडक. त्यामुळे हलकी पेट्रोल गाडी विकून फारसं सुटत नाही. म्हणून अनेक कंपन्यांनी हा वर्गच सोडला. पिकांटो, आय१०, आयगो एक्स, पांडा अशी थोडीच नावं उरली आहेत.

अमेरिकेतही तेच, वेगळ्या वाटेने. तिथे इंधनाचं उद्दिष्ट गाडीच्या चार चाकांमधल्या क्षेत्रफळावर ठरतं, जागा जास्त व्यापली की उद्दिष्ट सैल.

---

बकुळ

ब्राझीलचा विषय निघालाय तर एक भर. तिथली रेघ १,००० सीसीवर आहे. १९९० मध्ये त्या आतल्या गाड्यांचा कर कमी केला आणि फियाटने त्याच वर्षी ९९४ सीसीची उनो मिले काढली. १९९३ मध्ये 'लोकांची गाडी' म्हणून कर जवळजवळ शून्यावर आणला, राष्ट्राध्यक्ष इतामार फ्रांको यांच्या आग्रहावरून बंद झालेली बीटल पुन्हा बनायला लागली.

आणि मलेशिया-सिंगापूर तर पुलाच्या दोन टोकांना आहेत. मलेशियात पेरोदुआ अक्सियाचं सगळ्यात साधं मॉडेल २०२३ मध्ये २२,००० रिंगिटला होतं. सिंगापुरात गाडी बाळगायचा नुसता दहा वर्षांचा परवाना त्याच वर्षी छोट्या गाड्यांसाठी एक लाख सिंगापुरी डॉलरच्या वर गेला. गाडीचे पैसे वेगळे.

---

दूरदेशी

विजेच्या गाड्यांत तर हे आणखी ठळक दिसतं. बीवायडी सीगल चीनमध्ये २०२३ ला ७३,८०० युआनपासून आली, म्हणजे तेव्हाचे पावणेनऊ-नऊ लाख रुपये. ब्राझीलमध्ये २०२४ ला तीच डॉल्फिन मिनी नावाने १,१५,८०० रियाल, एकोणीस लाखांच्या पुढे. युरोपात २०२५ ला डॉल्फिन सर्फ, २२,९९० युरो, बावीस लाखांच्या पुढे. वाटेत आयात कर आहे, युरोपसाठी नवे बंपर आणि सुरक्षेचं जास्त सामान आहे, आणि चीनमध्ये एकमेकांना पाडायची जी शर्यत चालू आहे ती तिकडे नाही.

---

सावली

मग आपल्या आत्ताच्या किमती कशा बघायच्या? मला खरंच गाडी घ्यायची आहे. चौघं जण, बहुतेक शहरात, वर्षातून तीन-चारदा घाट.

---

पायवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. चार सेंटिमीटरचं कोडं पहिल्याच प्रतिसादात सुटलं आणि मग इतकं काही मिळालं.

@सावली, २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे, सेस गेला. २९ वरून १८ म्हणजे किंमत सुमारे साडेआठ टक्क्यांनी उतरायला हवी. काही मॉडेलांची त्याहून जास्त उतरली: स्विफ्ट ५.७९ लाखांपासून झाली, मारुतीचीच एस-प्रेसो साडेतीन लाखांच्या आत आली. रेघेच्या पलीकडच्या गाड्यांवर ४० टक्के आहे, म्हणून चार मीटर आणि १,२०० सीसी हे आकडे आता आधीपेक्षाही जड झालेत.

चौघं आणि सामान घेऊन घाट म्हणजे मी १,२०० सीसी बघेन. १,००० सीसी चढत नाही असं नाही, पण भरल्या गाडीत एसी लावून सारखं दुसऱ्या गिअरवर यावं लागतं आणि ओव्हरटेक करताना जीव टांगणीला लागतो. रानवारा यांचं ऐकून त्या मॉडेलचा धडक चाचणीचा निकाल बघा, आणि तारे कुठल्या वर्षीच्या गाडीला मिळाले तेही बघा, कारण मधे सांगाडा बदललेला असू शकतो. शोरूमला जाताना चौघंही जा आणि चाचणीला चौघंही बसा. एकट्या चालकाने चालवून बघितलेली छोटी गाडी नेहमीच चपळ वाटते.

---

कणाद_७४

शेवटचं वाक्य अगदी खरं. आणि इंजिन थंड असताना सुरू करायला सांगा, आधी गरम करून ठेवलेली गाडी घेऊ नका. तीन सिलिंडरचं डोलणं थंड इंजिनावरच नीट कळतं. ते तुम्हाला चालतंय का, हे तिथेच ठरवता येईल.

---

सावली

शनिवारी चौघंही जातोय. आल्यावर इथेच लिहीन.